मास्तरांचा घाम

"कंबर तीस," आई पडद्याच्या अलीकडून म्हणाली.

पलीकडे कापडावर खडू चालल्याचा आवाज आला. हेडबाईंची कंबर बत्तीस आहे हे आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं आणि मला नुसत्या नजरेला दिसत होतं. पण आमच्या दुकानात कंबर मोठ्याने सांगताना दोन इंच कमी सांगायची आणि पलीकडे बाबांनी गुपचूप दोन इंच वाढवून कापायची, अशी रीत आहे. मग कपडा अंगात व्यवस्थित बसतो आणि बाई आरशात बघून म्हणते, "मास्तर, काय हात आहे हो तुमचा!" हात आहेच. पण त्यात हे दोन इंचही आहेत.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मधोमध जाड तपकिरी पडदा. अलीकडे आरसा, स्टूल आणि हातात टेप घेतलेली आई. पलीकडे कापायचं टेबल, मशीन, इस्त्री आणि बाबा. सगळा जन्म बायकांचे कपडे शिवण्यात गेला, पण या माणसाने एकाही बाईचं माप स्वतःच्या हाताने घेतलेलं नाही. सुरुवातीला एकदा घ्यायला गेले होते म्हणे. समोरची बाई लाजली, त्याहून जास्त हे लाजले आणि टेप तिच्याच गळ्यात विसरून आत पळाले. लग्न झाल्यावर टेप आईकडे आली ती आलीच.

त्यामुळे झालं काय, की अलीकडे उभ्या राहिलेल्या बायका मोकळेपणाने बोलतात. सासू, नवरा, पोट साफ न होणं, काहीही. मास्तर पलीकडे आहेत हे कुणाच्या गावीही नसतं. एकदा मी बाबांना विचारलं होतं, की तुम्हाला हे सगळं ऐकू येतं का. तर म्हणाले, "कात्रीला येतं. मला नाही."

हेडबाई गेल्या. सगळी मापं सांगून झाली होती, तरी पलीकडून खडूचा आवाज येईना. मी पडदा सारून डोकावले. बाबा टेबलफॅनला तोंड लावून वाकले होते. शर्टाची बटणं उघडी, मान लालबुंद, कपाळावरून पाणी. हेडबाईंच्या कापडावर घाम पडू नये म्हणून एका हाताने ते लांब धरलेलं.

"परत आलं का?" मी विचारलं.

"आलं," बाबा म्हणाले. "आतून कुणीतरी इस्त्री फिरवतंय, ठके. आणि इस्त्री चांगली तापलेली आहे."

ठकी म्हणजे मी. वय वर्षं चाळिसाच्या पुढे, दोन गल्ल्या सोडून माझं घर, आणि दातांच्या दवाखान्यात नोकरी. तिथे खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘अजिबात दुखणार नाही’ असं दिवसभर सांगायचं, हे माझं मुख्य काम. त्यामुळे खोटं बोलण्यात आमचं घर तसं एकमेकांना धरूनच आहे.

बाबांची पाठ दुखायला लागली तेव्हा कुणीच फार मनावर घेतलं नाही. जन्मभर टेबलावर वाकलेल्या शिंप्याची पाठ दुखणार नाही तर काय होईल? सारखं मोरीकडे जावं लागायचं, त्याला ते ‘पाणी बदललं’ म्हणायचे. नळ तोच, पाणी तेच. शेवटी एक दिवस कापता कापता पाठ अशी धरली, की आईने कात्री हातातून काढून घेतली आणि आम्ही दोघींनी त्यांना जवळजवळ उचलूनच इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "लघवीला किती वेळा उठावं लागतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठके, जा, जरा पाणी पिऊन ये."

त्या दिवशी मी इतक्या वेळा पाणी प्यायले, की मलाच तपासायची वेळ आली असती.

आठवड्याने सगळे रिपोर्ट आले तेव्हा मात्र मला बाहेर पाठवलं नाही. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायची हौस असलेले. म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, काका. तो ग्रंथीतून बाहेर पडून हाडांत गेलाय. मणक्यात आहे, खुब्यात आहे. आता मुळासकट काढून टाकता येणार नाही. पण याला पुरुषांच्या शरीरातलं एक हार्मोन लागतं. तेच बंद केलं, की तो उपाशी पडतो. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या. काही वर्षं चांगली जातील."

"काही म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"प्रत्येकाचं वेगळं असतं. पाच, सहा. काही जणांना जास्तही मिळतात."

आईने माझा हात घट्ट धरला होता. बाबा मात्र मान डोलवत होते, आई माप सांगत असताना पलीकडे डोलवतात तशीच, शांतपणे. बाहेर आल्यावर म्हणाले, "भला माणूस आहे हो. सांभाळून बोलतो." मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिलं इंजेक्शन झालं. महिन्याभरात पाठीचं दुखणं इतकं कमी झालं, की बाबा पुन्हा दिवसभर टेबलाशी उभे राहू लागले. पण श्रेय इंजेक्शनाला द्यायला तयार नाहीत. म्हणे, आईने नवीन उशी शिवून दिली, तिने फरक पडला. आईही काही कमी नाही, तिने ते मान्य करून टाकलं.

मग, ते हार्मोन बंद झाल्यामुळे, ही आग सुरू झाली. दिवसातून केव्हाही, काही न सांगता. छातीतून निघायची, मानेवर चढायची आणि बाबांना चिंब करून निघून जायची. त्यातच रडू यायला लागलं. एकदा काज बटणापेक्षा किंचित मोठं झालं म्हणून डोळे भरून आले. दुसऱ्यांदा काज बरोबर झालं म्हणून. दंड उतरले, पोट सुटलं. बाबा आरशाच्या बाजूला यायचे बंद झाले.

"कुणाला कळता कामा नये," त्यांनी आम्हाला बजावलं होतं. "शिंपी आजारी म्हटल्यावर कोण कापड टाकेल? आणि हा असला आजार. बायकांच्या दुकानात त्याचं नाव तरी कसं घ्यायचं?"

तर त्या दिवशी हेडबाई गेल्या आणि बाबांनी घाम पुसत जाहीर केलं, "परवाचं इंजेक्शन मी घेणार नाही."

"म्हणजे?" आई.

"म्हणजे नाही घेणार. एका वर्षासाठी हा भाजून निघायचा उद्योग कशाला? जे काय दिवस असतील ते गार वाऱ्यात बसून काढतो."

"एक वर्ष कुणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलेच. "डॉक्टर पाच-सहा म्हणाले!"

बाबा माझ्याकडे बघून हसले, मी लहानपणी सुईत दोरा ओवायला जायचे तेव्हा हसायचे तसे. "अगं, तोंडावर खरा आकडा कुणी सांगतं का? आम्ही दोघांनी कधी सांगितला नाही. मग तो कशाला सांगेल? पाच म्हणाला म्हणजे एक धर. फार तर दीड."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तीन महिने हा माणूस डॉक्टरांच्या तोंडची कंबर उलटी धरून बसला होता! मी तिथल्या तिथे इस्पितळात फोन लावला. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, स्पीकरवर सांगितलं, इंजेक्शन गुण देतंय, रक्तातला कॅन्सरचा आकडा झपाट्याने खाली आलाय, असंही सांगितलं. बाबांनी ‘हो डॉक्टर, हो डॉक्टर’ केलं. फोन ठेवल्यावर म्हणतात कसे, "दुसऱ्यांदा विचारलं म्हणून हेडबाईंची कंबर बदलते का?"

मी संतापून घरी गेले. रस्ताभर त्यांना बोलत गेले आणि घरी पोचून दाराशीच बसून रडले. मला बाबा हवे होते. एक वर्ष नको, पाच हवी होती, सहा हवी होती, आणि खरं सांगायचं तर तीही कमीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा भांडायच्या तयारीने गेले, पण दुकानात गिऱ्हाईक होतं. पोस्टातल्या काकू कोटाचं कापड घेऊन आल्या होत्या. भक्कम बाई. काउंटरमागे बसून शिक्का मारतात तेव्हा शेजारचं टेबल हलतं. आईने खांदा सांगितला, छाती सांगितली, बाही सांगितली. कंबरेला टेप लावणार तोच काकू म्हणाल्या, "थांबा हो वहिनी, जरा थांबा. आली."

"काय आली?"

"आग! दुसरं काय येणार या वयात?" त्या धपकन स्टुलावर बसल्या आणि कॉलरचा पुठ्ठा घेऊन वारा घालायला लागल्या. "सहा महिने झाले. सकाळी अंथरूण पिळून घ्यावं लागतं. आणि रडू तर कशाचंही येतं. काल शिक्का वाकडा पडला म्हणून रडले. लाईनीतल्या माणसाला वाटलं, त्याच्या पत्रात काही वाईट बातमी आहे."

पलीकडची कात्री थांबली. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं.

आणि मग या दुकानात कधी घडलं नव्हतं ते घडलं. पडद्यामागून बाबांचा आवाज आला. घसा खाकरून, चाचरत.

"मग त्यावर तुम्ही... काय करता?"

काकूंनी दचकून पुठ्ठा छातीशी धरला. "अगं बाई! मास्तरांना ऐकू येतं?"

काकूंनी जरा सावरून विचारलं, "कुणासाठी विचारताय, मास्तर? वहिनींसाठी?"

आईचं हे सगळं केव्हाच उरकलं होतं. तरी ती ‘हो, माझ्यासाठीच’ म्हणायला निघाली होती. मला तिच्या ओठांवर तो शब्द दिसला. नवऱ्याची लाज झाकायला ती दोन इंच काय, दोन वार कमी सांगायला तयार होती. पण बाबा आधी बोलले.

"नाही," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

मला वाटलं, आता काकू हसणार. त्या हसल्या असत्या तर मी त्यांना कापडासकट बाहेर काढलं असतं. पण त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, "तीन महिन्यांचं इंजेक्शन का? पोटावर देतात ते?"

"हो."

"आमचे सासरे घेतात की! हाडांतच गेलंय ना तुमचंही?"

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग, "आहेत ते?"

"आहेत म्हणजे? रोज सकाळी उठून मला शिव्या घालतात. आमटी पातळ झाली, पेपर उशिरा आला, काहीही पुरतं. चांगला खणखणीत आवाज आहे."

"किती वर्षं झाली?"

"आठ झाली."

"खरी आठ," बाबांचा आवाज एकदम बारीक झाला, "की सांगायची आठ?"

काकूंना प्रश्नच कळला नाही. आईला कळला. तिने टेप गळ्यात टाकली, पडद्याजवळ गेली आणि कापडाशी तोंड नेऊन म्हणाली, "अहो, खरी. या कशाला कमीजास्त सांगतील? तुम्ही विचारणार हे त्यांना कुठे ठाऊक होतं?"

"मोजलीत मी ती आठ वर्षं," काकू म्हणाल्या. "शिव्या मला बसतात, मला माहीत नसणार? आता सगळ्यांचं असंच होतं असं नाही, मास्तर. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तीन वर्षांत गेले. पण तीन वर्षं हिंडलेफिरले. नातीला सायकल शिकवली. मी काही डॉक्टर नाही, पण डोळ्यांनी बघितलेलं सांगते."

पडद्याच्या कड्या वाजल्या. बाबा अलीकडे आले. गिऱ्हाईक उभं असताना, आरशासमोर, तोंड घामाने ओलं, शर्टाची बटणं उघडी. खाली मान घालून नाही, चांगले वर बघत. आईने दुसरं स्टूल पुढे केलं, त्यावर बसले. काकूंनी पुठ्ठ्याचे दोन तुकडे केले आणि एक त्यांच्या हातात दिला. दोघं समोरासमोर बसून वारा घालत राहिले.

"लढायचं नाही," काकू सांगत होत्या. "मी आधी लढायचे, दात आवळून. त्याने वाढते. आली की हातातलं खाली ठेवायचं, बसायचं. पाहुणी आहे, जाते. कढत चहा बंद करा. आत सुती बनियन. रडू आलं तर रडून घ्यायचं, त्यातही दोन मिनिटंच जातात."

"हेच सगळं मी सांगत होते यांना, माझ्या वेळी," आई म्हणाली. "तेव्हा काय म्हणाले माहीत आहे? पंखा लाव."

"मग लावला होता ना पंखा," बाबा म्हणाले.

"मी लावला होता!"

मी इतकी हसले, की मला पलीकडे जावं लागलं. तिथे बाबांच्या टेबलावर अस्तराचं कापड पडलं होतं, त्यात तोंड खुपसून मी हसत होते की रडत होते ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

बाहेर आई म्हणत होती, "कंबर राहिली की हो तुमची." टेप लावली आणि अडखळली. बाबा तर समोरच बसलेले. जुन्या सवयीने ‘चौतीस’ म्हणून गेली.

"खरी सांगा वहिनी, छत्तीस आहे," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना माहीत आहे तुमचं ते दोन इंचांचं. ऐकायला बरं वाटतं म्हणून कुणी बोलत नाही."

बाबांनी तोंडावर पुठ्ठा धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, रडताहेत.

काकू पोस्टातल्या असल्यामुळे बातमी पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत हेडबाई दारात. सल्ला नाही, सूचनाच, एकामागून एक, वर्गात देतात तशा. मग आणखी दोघी-तिघी. कुणी गार पाण्यात मनगटं बुडवायला सांगितलं, कुणी मऊ अभ्रे आणून दिले. कापड कुणीच परत नेलं नाही. उलट एक जण तर नवीन टाकून गेली आणि म्हणाली, "सावकाश द्या, मास्तर. आग आली की शिवू नका, टीप वाकडी येते." बाबा सगळ्यांना ‘हो’ म्हणत होते आणि आईला खुणेने विचारत होते, की आता इस्पितळात जायला उशीर नाही का होत.

मी चपला पायात सरकवल्या आणि रिक्षा थांबवली.

इस्पितळातला तो हॉल मोठा आहे. पुरुषांची रांग भिंतीशी, प्रत्येकाच्या शेजारी बायको नाहीतर मुलगी. बायका एकमेकींशी बोलतात. पुरुष समोरच्या भिंतीकडे बघतात. कुणी कुणाला विचारत नाही, कारण सगळ्यांना एकमेकांचं माहीत असतं.

आमच्या शेजारी एक धिप्पाड माणूस होता. मानच माझ्या मांडीएवढी. मी मनातल्या मनात त्याला पैलवान म्हणायला लागले. थोड्या वेळाने त्याची ती मान लाल होत गेली. कपाळावर थेंब आले. शर्ट पाठीला चिकटला. बायकोने रुमाल पुढे केला तर त्याने हात झटकला आणि एकदम उठून उभा राहिला. "चल," तो तिला म्हणाला. "मला नाही घ्यायचं हे. चल घरी."

ती बिचारी पिशवी सावरत उठली. तिचा चेहरा मी ओळखला. दोन दिवसांपूर्वी तो माझा होता.

"बसा," बाबा म्हणाले.

पैलवानाने खाली बघितलं. माझे बाबा त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

"बसा हो. चालायला लागलात तर वाढेल. मलाही येतंय, बघा." आणि खरंच येत होतं. बाबांची मान लाल झाली होती. त्यांनी आधी स्वतःचं वरचं बटण काढलं, मग दुसरं. "बटण उघडा. लाजायचं काय त्यात? जन्मभर बायकांचे कपडे शिवले मी, यातलं मला सगळं कळतं. लढायचं नाही. पाहुणी आहे, जाते."

सगळा हॉल बघत होता. पैलवान बसला. मोठ्या बोटांनी त्याने बटण काढलं.

"पहिलंच झालंय का?" बाबांनी विचारलं.

"पहिलं. तेव्हापासून जीव नकोसा झालाय."

"माझं आज दुसरं."

मग पैलवानाने भिंतीकडे बघतच, हळूच विचारलं, "किती चालतं हो हे?"

"आमच्या ओळखीत एक आहेत," बाबा म्हणाले. "दहा वर्षं झाली. रोज सुनेला शिव्या घालतात."

मी आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती, अगदी निर्विकार चेहऱ्याने. पैलवानाची बायको पदराने डोळे टिपत होती. मी ठरवलं, की मला काही ऐकू आलं नाही.

समोरचं दार उघडून नर्सने पुकारलं, "बावीस नंबर!"

तो आमचा नंबर होता. आई उठायला लागली. बाबांनी डोळे न उघडताच हात वर केला.

"आलो," ते म्हणाले. "आमचं दोघांचं जरा होऊ द्या."

नर्सने त्या दोघांकडे पाहिलं. भिंतीला डोकी टेकलेली, शर्ट गळ्याशी उघडे, एक एवढा आणि एक तेवढा, दोघांच्याही कानामागून घाम गळत होता. तिने दार तसंच धरून ठेवलं आणि थांबली.